गुण सांगावा की गिऱ्हाईक? छोट्या धंद्याच्या पोझिशनिंगचे दोन मार्ग

छोट्या धंद्याची बाजारातली ओळख ठरवताना शेवटी दोनच मार्ग उरतात. एक, कामाचा एखादा गुण पुढे करायचा: झटपट, टिकाऊ, बिनचूक. दोन, आपण कोणाचं काम करतो ते सांगायचं. ‘सगळ्यात स्वस्त’ हा तिसरा मार्ग मी मोजत नाही. त्यासाठी स्वतःचा खर्च मोठ्यांपेक्षा कमी असावा लागतो, आणि छोट्या धंद्यात तो सहसा नसतो. मी स्वतः दुसरा मार्ग निवडला आहे, तेव्हा मत थोडं तिकडे झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

हिशेब लिहून देणारी तीन-चार माणसांची फर्म घेऊ. गुणाचं वाक्य होईल: ‘अचूक हिशेब, वेळेवर’. गिऱ्हाइकाचं होईल: ‘बांधकामाची यंत्रं भाड्याने देणाऱ्यांचे हिशेब’.

गुणाच्या मार्गाचा मोठा फायदा म्हणजे दार कोणालाच बंद होत नाही. शिवाय गुण खरोखर वेगळा असेल तर तो फार काळ टिकतो. व्होल्वो म्हटलं की सुरक्षितता आठवते, पण त्यामागे निल्स बोहलिन यांनी तिथे तयार केलेला आणि १९५९ पासून गाड्यांत आलेला तीन बिंदूंचा सीटबेल्ट आहे. दावा आधी गाडीत होता, जाहिरातीत नंतर आला. आपल्या गुणामागे असं काही आहे का, हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. दाव्याच्या उलट बोलणारा एखादा शहाणा व्यावसायिक सापडेल का? ‘आम्ही चुकीचे हिशेब करतो’ असं कोणी म्हणणार नाही, म्हणून ‘अचूक’ हा शब्द पोकळ. ‘महिन्याचा ताळेबंद पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला, उशीर झाला तर त्या महिन्याची फी नाही’ असं लिहायला मात्र बहुतेक जण धजावणार नाहीत. ते वाक्य चालतं. कारण त्यासाठी कागदपत्रं कधी मागवायची, माणूस रजेवर गेला तर काम कोण उचलणार, हे सगळं आधी बसवावं लागतं.

माझा कौल ठरला तो एकाच कटकटीवर: पुरावा. अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये फरक दाखवला होता, की काही गुण खरेदीआधी तपासता येतात आणि काही वापरल्यावरच कळतात. डार्बी आणि कार्नी यांनी १९७३ मध्ये तिसरा प्रकार जोडला: वापरल्यानंतरही गिऱ्हाइकाला सहज न कळणारे गुण. हिशेब, दुरुस्ती, सल्ला ही कामं बरीचशी या शेवटच्या दोन प्रकारांत मोडतात. त्यामुळे ‘दर्जेदार काम’ म्हणणाऱ्याला प्रत्येक नव्या एन्क्वायरीत शून्यापासून सुरुवात करावी लागते. नमुने दाखवा, जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर द्या, आणि एवढं करून समोरचा तुमचं कोटेशन आणखी दोघांच्या कोटेशनशेजारी ठेवतो. त्या तीन कागदांत त्याला स्वतःला तपासता येणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे रक्कम. मग घासाघीस सुरू होते. त्याला दोष देऊन उपयोग नाही. आपणच त्याला दुसरं काही मोजायला दिलेलं नसतं.

गिऱ्हाइकाच्या मार्गात ही अडचण बरीच हलकी होते. स्वतःचा धंदा यंत्रं भाड्याने देण्याचा आहे, हे समोरच्याला ठाऊकच असतं. ते पटवावं लागत नाही. पहिल्या बोलण्यात आपण ‘परत न आलेल्या यंत्राची अनामत कुठे दाखवता?’ असं विचारलं की निम्मा पुरावा तिथेच झाला. माझ्या अनुभवात बोलणं दराकडे वळतं, पण उशिरा आणि सौम्यपणे. सगळ्याच धंद्यांत असंच होईल असा माझा दावा नाही.

हा मार्ग बिघडतो तो बहुधा गट निवडताना. ‘२५ ते ४० वयाचे नोकरदार’ हा गट नव्हे. त्यांची अडचण एक नाही आणि ते त्या अडचणीबद्दल एकमेकांशी बोलतही नाहीत, म्हणून रेफरन्स फिरत नाही. गट अडचणीवरून ठरवावा. त्यासाठी मागची २० कामं एका कागदावर मांडा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: कोणाच्या सांगण्यावरून आला, किती घासाघीस झाली, पैसे किती दिवसांत आले, पुन्हा आला का. ज्या प्रकारच्या गिऱ्हाइकांपुढे चारही उत्तरं बरी आहेत, तो आपला गट. मग मोजा: आपल्या आवाक्यात असे किती आहेत आणि वर्षाला त्यातले किती लागतील? दहातला एक मिळूनही वर्ष भागत नसेल, तर गट थोडा रुंद करा.

दुसरा धोका जास्त खरा आहे. त्या गटाचाच धंदा मंदावला तर सगळी वसुली एकदम अडकते. म्हणून इतर जुनी कामं सोडू नयेत. बदल फक्त दर्शनी जागी करावा: वेबसाइटची पहिली ओळ, कोटेशनचं पहिलं पान, वर ठेवलेले अभिप्राय. पाटी लगेच रंगवू नका. आधी तीन महिने एकाच माहितीपत्रकावर नवं वाक्य चालवून बघा. एन्क्वायरींची संख्या थोडी घटेल, त्याने घाबरू नका. त्यातल्या किती पक्क्या झाल्या ते बघा.

गट आवाक्यात अगदीच लहान असेल, किंवा आपला गुण खरेदीआधीच तपासता येण्याजोगा असेल, तर मात्र मीही गुणच पुढे करा म्हणेन. एरवी ५ तारखेच्या हमीसारखं वाक्य दुसऱ्या ओळीत छान बसतं. पहिल्या ओळीत यंत्रवाले असतील तर ती हमीही त्यांच्याच भाषेत लिहिता येते: भाडं, अनामत आणि येणं बाकी, तिन्हीचा हिशेब ५ तारखेला हातात.