जुन्या व्हॅनसाठी घेतलेला क्लच सेट: वापरानंतरचा अभिप्राय

इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ही पकड सोडवणारे रिलीज बेअरिंग असे तिन्ही भाग एकाच खोक्यात देणारा हा सेट जुन्या मालवाहू व्हॅनमध्ये बसवून घेतला. पेडल हलके झाले, गाडी उठताना पूर्वी बसणारे हादरे थांबले आणि भरल्या गाडीने चढ चढताना इंजिनाचे फेरे वाढूनही वेग न वाढण्याची तक्रार उरली नाही. वस्तू म्हणून सेट चांगलाच आहे. मात्र जुन्या गाडीत तो किती टिकेल, हे त्याच्या भोवतालच्या भागांवर अधिक अवलंबून असते.

गिअरबॉक्स उतरवल्यावर हे स्पष्ट दिसले. जुन्या प्लेटचे अस्तर (घर्षणाचा थर) रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजले होते, फ्लायव्हीलवर (इंजिनासोबत फिरणारी, क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती जड चकती) उष्णतेचे निळसर डाग पडले होते आणि एका बाजूला तेलाचा ओलावा होता. क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील गळू लागले की तेल अस्तरावर येते आणि मग प्लेट नवी असली तरी घसरते. त्यामुळे दोन्ही सील याच कामात बदलून घ्यावीत, कारण ती नंतर बदलायची म्हटली तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो आणि तेवढीच मजुरी पुन्हा मोजावी लागते. नुसती प्लेट बदलून जुने बेअरिंग तसेच ठेवण्याची काटकसरही याच हिशेबाने महागात पडते. डाग पडलेले फ्लायव्हील घासून समतल करून घेतले नाही, तर गाडी उठताना थरथरते. त्याला तडे असतील तर ते बदलावेच लागते.

वायरवर चालणाऱ्या क्लचमध्ये पेडलचा फ्री प्ले (क्लच सुटू लागण्यापूर्वीची पेडलची मोकळी चाल) वेळोवेळी तपासणे आवश्यक आहे. अस्तर झिजते तसा तो कमी होतो आणि अजिबात उरला नाही, तर रिलीज बेअरिंग सतत दाबाखाली राहते व प्रेशर प्लेटची पकड सैल पडते. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये ही चाल बहुधा आपोआप जुळते, पण सिलिंडरचे रबर जुने होऊन गळू लागले किंवा नळीत हवा शिरली की क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर करकरत पडतात. अशा वेळी दोष नव्या सेटचा समजून तो परत करायला निघणारे ग्राहक काही कमी नसतील.

चालवण्याच्या सवयींबाबत अधिक सांगायला नको: चढावर हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) गाडी धरून ठेवणे, पेडलवर पाय टेकवून चालवणे आणि क्षमतेपेक्षा जास्त माल भरणे यांपुढे कोणताही सेट फार काळ तग धरत नाही. नवे अस्तर घासून नीट जुळेपर्यंत पहिले काहीशे किलोमीटर जड ओझे टाळणेही हिताचे ठरते.

उणीव सांगायची, तर खोक्यात प्लेट मध्यावर धरण्याचा डमी शाफ्ट नाही आणि माहितीपत्रकातील अक्षर फारच बारीक आहे. प्रेशर प्लेटवरील गंजरोधक तेल बसवण्यापूर्वी पुसून काढावे, ही महत्त्वाची सूचना त्याच बारीक अक्षरात शेवटच्या ओळीत दिली आहे.