जाहिरातीवरचं वर्तमानपत्र की वर्गणीवरचं?
पाच-सहा रुपयांच्या अंकाचा खरा खर्च किमतीतून निघत नाही, भार जाहिराती उचलतात. त्यामुळे अंक टपरीवरही वाचला जातो, हे मोलाचंच. पण निवडणुकीच्या तोंडावर पहिल्या पानावर सरकारी योजनांची पानभर जाहिरात असते आणि त्याच खात्यावरची टीका आत कुठेतरी दोन परिच्छेदांत उरकलेली. जागा कमी पडली की आधी नाट्यपरीक्षणावर कात्री!

वर्गणीवरचा अंक महाग, वाचकही मोजके. तरी माझं मत त्यालाच. टिळकांशी मतभेद झाल्यावर आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. लोकांना न रुचणारं छापायची ती धमक आज वर्गणीदारांच्याच पैशावर टिकेल. महिन्याला दोनशे रुपये मागा, देतो. फक्त तालुक्याचा बातमीदार काढू नका.