सात किलोचे व्हल्कनायझिंग यंत्र : एका गळीत हंगामाचा अनुभव

उसाच्या फडात ट्रॉलीचा टायर फाटला की खरी अडचण टायरची नसते, वेळेची असते. तोडलेला ऊस वाळू लागतो, मुकादम फोनवर फोन करतो आणि आपल्याला मात्र टायर उतरवून, दुसऱ्या वाहनात घालून, दुकानात आणून, गरम पॅच बसवून पुन्हा फडात पोहोचवायचा असतो. कृष्णाकाठच्या आमच्या भागात दिवाळीनंतर सुरू होणारी ही धावपळ मार्चपर्यंत चालते, आणि म्हणूनच फडात नेता येईल असे हलके व्हल्कनायझिंग यंत्र, म्हणजे कच्च्या रबराचा पॅच उष्णतेने आणि दाबाने शिजवून टायर-ट्यूबवर पक्का बसवणारे यंत्र, मिळते आहे हे कळल्यावर गेल्या ऑक्टोबरमध्ये मी ते साडेसहा हजार रुपयांना विकत घेतले. ते बनवणारा कारखाना लहान आहे. मालक भेटायला मोकळा आहे, पण पुढे काही तक्रारी येणार असल्याने त्याचे नाव देत नाही.

दुकानातले माझे जुने यंत्र बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहे. वरखाली दोन तापणाऱ्या पट्ट्या, मधे जाड स्क्रू, मागे ओतीव कमान, आणि एकूण वजन अठ्ठावीस किलो. ते वडिलांनी घेतले तेव्हा उचलायला दोन माणसे लागत आणि आजही लागतात. नवे यंत्र सात किलोचे आहे. तापणारी पट्टी अ‍ॅल्युमिनियमची, १२ बाय १० सेंटिमीटर, सव्वादोन किलोच्या आसपास, आणि तिच्या पोटातच ४५० वॅटचे हीटर ओतलेले. हे सगळे पाहिल्यावर कपड्यांची इस्त्री आठवते, आणि ठरलेल्या तापमानाला वीज बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट तर उघडून पाहिला तेव्हा तो खरोखरच इस्त्रीचा निघाला. कमान जाड पत्र्याची, दुमडून पेटीसारखी केलेली. खालच्या बाजूला पट्टी नाही, नुसती गोलाई दिलेली बैठक आहे.

वजन कमी करण्याचा हा मार्ग वरवर पाहता बिनचूक वाटतो. बिडाची घनता ७.२ आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७, म्हणजे त्याच मापाची पट्टी पावणेतीन पटीने हलकी होते. अ‍ॅल्युमिनियम उष्णताही कितीतरी चांगली वाहून नेते, त्यामुळे पट्टीच्या मध्यात आणि कडेला फारसा फरक राहत नाही. बिडाच्या जुन्या पट्टीवर मधे रबर शिजून कडा कच्ची राहण्याचा जो त्रास मी वर्षानुवर्षे सोसला, तो इथे जवळजवळ गेला. नवी पट्टी पंचवीस अंशांवरून दीडशेवर यायला तेरा-चौदा मिनिटे घेते. जुन्या यंत्राला अर्धा तास लागतो, कारण तिथे दोन पट्ट्यांबरोबर जाड कमानही तापवावी लागते. विजेचा भारही कमी, म्हणून दुकानातल्या साध्या इन्व्हर्टरवर ते चालते. लोडशेडिंगच्या दुपारी ही गोष्ट छोटी नाही.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मात्र ते चालवू नये. विक्रेत्याने तसे सुचवले होते, पण हिशोब जमत नाही. ४५० वॅट बारा व्होल्टवर घ्यायचे म्हणजे अडतीस अँपिअर, आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारे निराळे. ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करणारे अल्टरनेटर साधारण छत्तीस अँपिअरचे असते. मी एकदा करून पाहिले आणि नंतर ट्रॅक्टर धक्का मारून सुरू करावा लागला. फडात विहिरीच्या मोटारीची पेटी जवळ असेल, तरच हे यंत्र न्यावे.

आता मुख्य मुद्दा. रबर गंधकासह तापवले की त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, आणि चिकट कच्चा गम (न शिजलेले रबर) लवचीक, टिकाऊ रबर होतो. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये हे उमगले आणि १८४४ मध्ये त्याने पेटंट घेतले. आपण दुकानात करतो ते कामही तेच, फक्त तळहाताएवढ्या जागेवर. या क्रियेचा स्वभाव असा आहे की तापमान दहा अंशांनी वाढले की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणूनच पट्टी किती तापली हे अंदाजावर सोडता येत नाही. कमी तापली तर पॅच कच्चा राहतो. जास्त वेळ किंवा जास्त तापली तर नैसर्गिक रबर उलटे फिरते, बांधलेले दुवे तुटू लागतात आणि वरून काळा दिसणारा पॅच आतून पुन्हा मऊ आणि चिकट होतो.

पहिल्याच आठवड्यात माझे तीन पॅच असे चिकट निघाले. मी लांबूनच तापमान दाखवणाऱ्या इन्फ्रारेड बंदुकीने पट्टी तपासली तर ती एकशे दहा अंश दाखवत होती, म्हणून मी नॉब आणखी फिरवला आणि काम अधिकच बिघडले. नंतर लक्षात आले की चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ही बंदूक फसते. अशा पृष्ठभागातून उष्णतेचे किरण फार कमी बाहेर पडतात, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा बराच खाली येतो. पट्टीला बाजूने बारीक भोक पाडून त्यात तापमान मोजणारे तारेचे थर्मोकपल बसवले, तेव्हा खरे चित्र दिसले : नॉब १५०च्या खुणेवर ठेवला असता पट्टी आधी १७१ पर्यंत चढत होती, मग १३८ पर्यंत उतरत होती, आणि असेच हेलकावे घेत होती. दहा अंशांचा हिशोब लावला तर या दोन टोकांमध्ये शिजण्याच्या वेगात नऊ-दहा पटींचा फरक पडतो. वेळ लावून काम करण्याला मग काही अर्थच उरत नाही.

इथे कारखानदाराचा दोष आहे, पण तो हलकेपणाचा नाही. बिडाच्या जड पट्टीत उष्णता भरपूर साठते, म्हणून तिथे ढोबळ थर्मोस्टॅटही खपून जातो. पट्टी स्वतःच धक्के पचवते. हलक्या पट्टीत हा साठा नाही, तेव्हा नियंत्रण अधिक बारीक हवे. त्यांनी लोखंड काढले आणि त्याच्या जागी अक्कल घालायची ती घातली नाही. मी बाजारातून आकडे दाखवणारा छोटा तापमान नियंत्रक आणून डब्यात बसवला, भोकातले थर्मोकपल त्याला जोडले आणि इस्त्रीचा थर्मोस्टॅट फक्त सुरक्षेसाठी, वरच्या टोकावर ठेवून दिला. तेव्हापासून पट्टी दोन-तीन अंशांच्या आत राहते.

दुसरी तक्रार दाबाची, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. गम शिजताना त्यात अडकलेली हवा, ओलावा आणि चिकटवायच्या सोल्यूशनमधला उरलेला पेट्रोलचा अंश बाहेर यायला बघतो. वरून पुरेसा दाब नसेल तर पॅच स्पंजासारखा सच्छिद्र होतो. चौरस सेंटिमीटरला चार किलोचा दाब धरला तरी १२ बाय १० च्या पट्टीवर तो जवळपास अर्धा टन होतो. जुनी ओतीव कमान हे ओझे निमूट सोसते. नव्या यंत्राचा स्क्रू मी जोर लावून आवळला आणि कमानीच्या तोंडाशी मोजपट्टी धरून मोजले, तेव्हा तोंड चार मिलिमीटर उघडले होते. कमान उघडते तशी पट्टी तिरकी होते आणि दाब एका कडेला जातो. पॅच कापून पाहिला तर एका बाजूला काळाभोर, गच्च रबर आणि दुसऱ्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे फुगे, असा तो दिसला.

त्यात आणखी एक गोष्ट. गम तापून आधी मऊ होतो आणि बाजूला पसरतो, त्यामुळे आवळलेला स्क्रू पाचेक मिनिटांत आपोआप सैल पडतो. जुन्या यंत्रावर आम्ही तो मधेच अर्धा फेरा फिरवतो, ही सवय हाताला आहे. पण फडात एकीकडे टायर, दुसरीकडे ट्यूब आणि डोक्यावर मुकादम असताना ते विसरते. स्क्रूच्या टोकाशी बशीच्या आकाराचे चार स्प्रिंग वॉशर एकमेकांसमोर बसवले की गम पसरला तरी दाब टिकून राहतो. या वॉशरांना मला दोनशे रुपयेही लागले नाहीत. ते कारखान्यातूनच लावून का येत नाहीत, हे मला अजून उमगलेले नाही. कमानीला मात्र मागच्या बाजूने लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्यावी लागली, आणि यंत्र सातचे आठ किलोंचे झाले. एक किलो जिथे हवा होता तिथेच वाचवला होता, असे माझे मत आहे.

हे बदल केल्यानंतर यंत्र कुठे चालते आणि कुठे नाही, हे सांगतो. ट्यूबसाठी ते उत्तम आहे. ब्युटिल (कृत्रिम रबराच्या) ट्यूबला थंड पॅच उन्हाळ्यात कडेने सुटतो, विशेषतः उसाच्या ओझ्याखाली तापलेल्या ट्रॉलीच्या ट्यूबला. गरम पॅच सुटत नाही. जागा खरवडून, सोल्यूशन लावून ते नीट वाळू दिले, गम बसवला, वर शंखजिऱ्याची पूड मारून बटर पेपर ठेवला आणि दीडशे अंशांवर आठ मिनिटे धरले, की काम होते. मला हे शिकवणारे गुरू केरळचे होते. पॅच काढल्यावर त्यात अंगठ्याचे नख रुतवायचे आणि मनात तीनपर्यंत मोजायचे, ही त्यांची कसोटी होती. खूण भरून आली तर पॅच शिजला. नखाची रेघ तशीच राहिली तर पुन्हा यंत्रावर. या यंत्रावर डिसेंबरपासून काढलेल्या ट्यूबांपैकी दोनच परत आल्या आणि त्या दोन्हीत भोक व्हॉल्व्हच्या बुडाशी होते.

ट्रॉलीच्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर, जिथे उसाच्या बुडख्यांनी चिरा पडतात, तिथेही ते चालते. मात्र चीर धाग्यांपर्यंत गेलेली नसावी आणि जाडी आठ-दहा मिलिमीटरच्या आत असावी. टायरची एका बाजूची कडा रिमवरून काढली आणि ट्यूब बाहेर घेतली की कमान आत जाते. मोटारीच्या रेडियल टायरच्या बाजूच्या भिंतीला मी या किंवा कोणत्याही यंत्राने हात लावत नाही. तो टायर बदलायचा असतो.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरसाठी मात्र हे यंत्र घेऊ नये, आणि याचे कारण वॉट किंवा दाब नाही, एकच तापणारी पट्टी हे आहे. रबर उष्णतेच्या बाबतीत फार मंद असते, आणि उष्णता आत पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो : जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट. दोन्ही बाजूंनी तापवले तर उष्णतेला निम्मेच अंतर जावे लागते आणि वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो. एका बाजूने तापवून वीस मिलिमीटरचा तुकडा पलीकडच्या टोकापर्यंत शिजवायचा प्रयत्न मी केला. पाऊण तासाने वरचा थर कडक होऊन तडकू लागला होता आणि तळाशी गम अजून नखाला लागत होता. तापमान वाढवून हे सुटत नाही, उलट बिघडते. खालच्या बैठकीच्या जागी आणखी एक अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दिली असती, तर वजन दोन-अडीच किलोंनी आणि किंमत, माझ्या अंदाजाने, दीड-दोन हजारांनी वाढली असती, आणि तरीही यंत्र एका माणसाला उचलता आले असते. स्वस्त करायचे म्हणून जी गोष्ट काढली तीच काढायची नव्हती.

काही किरकोळ बाबी. दोन पिनांची केबल लावून यंत्र येते. ओल्या सरीत उभे राहून लोखंडी कमान हाताळायची असताना अर्थिंग नसणे चालणार नाही, त्यामुळे तीन पिनांची केबल मी पहिल्याच दिवशी बसवली. पट्टीच्या पाठीवर उष्णतारोधक काही नाही, आणि जानेवारीतल्या रात्रीच्या वाऱ्यात तापायला तेरा मिनिटांऐवजी वीस मिनिटे लागतात. मी पाठीवर ग्लासवूल ठेवून वर पत्र्याचे झाकण बसवले आहे. मूठ लाकडी आहे, छान आहे, चटका बसत नाही. स्क्रूचे आटे चौकोनी आणि जाड आहेत, पूर्ण हंगामात झिजलेले दिसले नाहीत.

नियंत्रक, थर्मोकपल, वॉशर, केबल आणि वेल्डिंग मिळून माझे सोळाशे रुपये गेले, म्हणजे यंत्र आठ हजार शंभरला पडले. जुन्यासारखे दोन पट्ट्यांचे बिडाचे यंत्र आज नवे घ्यायचे तर मला अठरा हजार सांगितले गेले. ज्यांचे काम मुख्यतः ट्यूब, बैलगाडीचे आणि ट्रॉलीचे टायर असे आहे आणि ज्यांना इन्व्हर्टरवर भागवावे लागते, त्यांनी हे यंत्र घ्यायला हरकत नाही, पण स्वतः पाना-पक्कड हातात घेण्याची तयारी ठेवूनच. ज्यांच्याकडे ट्रॅक्टरचे मागचे टायर आणि ट्रकचे टायर जास्त येतात, त्यांनी बिडाचेच यंत्र ठेवावे. मी दोन्ही ठेवली आहेत. फेब्रुवारीत कारखानदाराला भेटून कमानीचे चार मिलिमीटर त्याच्यासमोर मोजून दाखवले, तेव्हा त्याने ते मान्य केले आणि पुढच्या खेपेत मागची पट्टी कारखान्यातच वेल्ड करून देतो म्हणाला. दुसऱ्या तापणाऱ्या पट्टीबद्दल मात्र गिऱ्हाईक तेवढे पैसे देत नाही, असे त्याचे म्हणणे आहे.