विक्रेता म्हणाला, ‘ही खरी जीटी-आर नाही’

जपानमध्ये राहून जुनी हाकोसुका, म्हणजे निस्सान स्कायलाइनची एक जुनी पिढी, घ्यायच्या विचारात जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय. खोट्या जीटी-आरपासून जपून राहा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मला ज्याने गंडवलं, त्याने मात्र पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगितलं की ही जीटी-आर नाही. त्याचा सगळा धंदा त्या एका खऱ्या वाक्यावर उभा होता.

ज्यांना या गाड्यांची फार माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निस्सान स्कायलाइनची ही पिढी १९६८ मध्ये आली. १९६९ मध्ये तिची वेगवान आवृत्ती, जीटी-आर, निघाली: एस२० इंजिन, सहा सिलिंडर, २४ व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट. पुढच्या वर्षी दोन दारांची कूपे आली. कूपे जीटी-आर १,२०० च्या आतच बनल्या, त्यामुळे आज अस्सल गाडी कोटी येनांच्या पुढेच जाते. साध्या २०००जीटीमध्ये एल२० इंजिन असतं, एका कॅमशाफ्टचं. अशा गाडीची मागची चाकाची कमान कापायची, वर ओव्हरफेंडर, म्हणजे चाकावरची बाहेर आलेली जोडपट्टी, बसवायचा, लाल बिल्ला लावायचा, की लांबून फरक कळत नाही. यात लपवाछपवी असतेच असं नाही. ‘जीटी-आर शियो’, म्हणजे जीटी-आरसारख्या केलेल्या, म्हणून अशा गाड्या उघडपणे विकल्या जातात आणि हौशी लोक आनंदाने घेतात. मलाही तशीच हवी होती.

टोक्योजवळच्या सैतामातल्या त्या वर्कशॉपमध्ये मालकाने बॉनेट उघडलं, नोंदणीचा कागद म्हणजे शाकेनशो माझ्या हातात दिला आणि बल्कहेडवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, ठोकलेला चासी नंबर टॉर्च मारून दाखवला. दोन्हीकडे केजीसी१०, म्हणजे साधी जीटी. जीटी-आर असती तर केपीजीसी१० असतं. ‘काही लोक यातही फसवतात, आम्ही तसले नाही,’ हेही ऐकवलं. इंजिन मूळचं नाही, मोठं एल२८ बसवलंय, हेसुद्धा त्यानेच सांगितलं. मग त्याने अल्बम काढला. अख्खी बॉडी उघडी, पत्रा खरवडून चकचकीत केलेला, सडलेला फ्लोअर कापून नवा वेल्ड केलेला, प्राइमर, रंग, पानामागून पान. जाहिरातीत ‘फुल रिस्टोअर’ लिहिलं होतंच. दोन वर्षांची सक्तीची तपासणी, शाकेन, नुकतीच पास झालेली. किंमत ९० लाख येनांच्या आसपास.

शाकेनबद्दल इथेच सांगून टाकतो. त्यात ब्रेक, दिवे, धूर वगैरे बघतात. गाडी पास झाली म्हणजे पत्रा धड आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. तपासणीआधी गाडीच्या पोटाला काळा रंग मारायची इथे सर्रास पद्धत आहे, त्याला चासी ब्लॅक म्हणतात. रंग वाईट नाही, गंज थोपवायलाच असतो. पण उत्तरेकडच्या बर्फाळ भागात रस्त्यावर टाकलेलं मीठ खाल्लेला पत्राही त्याच्याखाली नव्यासारखा दिसतो.

पावसाळ्यात मागच्या सीटखाली पाणी साचायला लागलं, म्हणून गाडी दुसऱ्या एका डेंटिंगवाल्याकडे नेली. म्हातारा माणूस, आयुष्यभर हेच काम केलेला. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चाकाच्या कमानीवर ठोकून बघितलं आणि काही न बोलता ओव्हरफेंडरचे स्क्रू काढायला घेतले. खरी गोम तिथे होती. चाकाची कमान कापली की आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांपासून सुटतात. ते दोन्ही वाकवून, जुळवून पुन्हा वेल्ड करावे लागतात. इथे वेल्ड कुठेच नव्हता. फट सीलरने बुजवली होती, वर बोटभर पुट्टी भरून घासली होती आणि सगळं ओव्हरफेंडरने झाकलं होतं. पाणी तिथून आत शिरत होतं आणि खालचा सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची पट्टी, पोखरत होतं. चुंबक लावला तर साइड सिलवर कितीतरी ठिकाणी चिकटेना.

मग कार्पेट उचललं. अल्बममध्ये जिथे नवाकोरा फ्लोअर दिसत होता, तिथे माझ्या गाडीत जुनाच पत्रा होता आणि भोकांवर फायबरग्लासचे तुकडे चिकटवलेले होते. फोटोतली गाडी वेगळीच होती! घरी येऊन अल्बम पुन्हा चाळला. बल्कहेडवरचा नंबर दिसेल असा एकही फोटो त्यात नव्हता. रिस्टोरेशनचे फोटो दाखवणाऱ्याकडे एकच गोष्ट मागा: उघडा पत्रा आणि ठोकलेला नंबर एकाच चौकटीत. खरं काम करणारे हा फोटो काढतातच, कारण त्यांनाही पुढे हाच पुरावा लागतो. आणि गाडी रॅम्पवर चढवून, कार्पेट उचलून, ओव्हरफेंडर सोडवून बघू देत नसतील, तर गप्पा तिथेच थांबवा.

इंजिनाचंही वर्कशॉपवाल्याने अर्धंच सांगितलं होतं. ब्लॉकवर एल२८ कोरलेलं, कागदावर एल२० आणि १.९९ लिटर. दोन लिटरच्या पुढे गेलं की रचनाबदलाची नोंद करावी लागते, नंबरप्लेटही ५ ऐवजी ३ च्या मालिकेतली येते. ही नोंद नसताना ती शाकेन कशी पास झाली, ते वर्कशॉपलाच ठाऊक.

सगळ्यात बेरकी भाग मात्र कागदांचा. तक्रार घेऊन गेल्यावर वर्कशॉपच्या मालकाने शांतपणे करारातली एक ओळ दाखवली. विक्रेता म्हणून वर्कशॉपचं नावच नव्हतं. गाडी एका खाजगी माणसाची, वर्कशॉप फक्त मध्यस्थ. याला इताकु हानबाई म्हणतात आणि तो कायदेशीर प्रकार आहे. त्याखाली छापलेलं: आहे त्या स्थितीत विक्री, तक्रार नाही, परतावा नाही. दुकानदार ग्राहकाला विकतो तेव्हा असं सरसकट हात झटकलेलं ग्राहक करार कायद्यापुढे टिकत नाही. खाजगी माणसाने खाजगी माणसाला विकलं की तो कायदा लागू होत नाही. मग विकणाऱ्याला दोष माहीत होता आणि त्याने लपवला, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. ‘फुल रिस्टोअर’ हे शब्द जाहिरातीत होते, करारात नव्हते. म्हणून सही करण्याआधी विक्रेत्याच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते वाचा, आणि जाहिरातीतला प्रत्येक दावा करारात लिहून मागा. गाडीच्या खरेदीला कूलिंग ऑफची, म्हणजे ठराविक दिवसांत करार रद्द करायची, सवलत नाही, हेही माहीत असू द्या.

१८८ या ग्राहक हेल्पलाइनवरून स्थानिक केंद्राशी जोडून देतात, तिथला सल्ला उपयोगी पडला. दोष कळल्यापासून एका वर्षाच्या आत विक्रेत्याला कळवावं लागतं आणि ते पोस्टाच्या नाइयो शोमेई पत्राने कळवावं, म्हणजे काय लिहिलं आणि कधी पाठवलं याची नोंद पोस्टाकडे राहते. जाहिरातीचे स्क्रीनशॉट माझ्याकडे होते. तुम्हीही पहिल्या दिवशीच काढून ठेवा, कारण गाडी विकली गेली की ती पानं गायब होतात.

तसं पत्र मी वर्कशॉपला आणि गाडीच्या मूळ मालकाला, दोघांनाही पाठवलं. वर्कशॉपचं उत्तर आलं नाही. मूळ मालकाचं आलं. त्याने लिहिलं होतं की गाडी गंजलेली आहे हे सांगूनच त्याने ती वर्कशॉपला दिली होती आणि तिच्यासोबत कुठलाही अल्बम दिला नव्हता. आता वकिलामार्फत दावा वर्कशॉपवर लावतोय.