वालेहो की टामिया? पुण्याच्या हवेत वापरून झाल्यावर

विमानांची प्लॅस्टिकची मॉडेल रंगवायला दिवाळीपासून वालेहो आणि टामिया या दोन्ही कंपन्यांचे रंग आलटून पालटून वापरतोय. थंडी, उन्हाळा आणि आता पावसाळा, सगळं बघून झालं, म्हणून लिहितोय. कोथरूडचा फ्लॅट, कामाची जागा म्हणजे डायनिंग टेबलाचा एक कोपरा.

ब्रशनेच रंगवणार असाल तर डोळे झाकून वालेहो मॉडेल कलर घ्या. पाण्यात पातळ होतो, वास जवळपास नाहीच, आणि ड्रॉपरमुळे हवे तेवढेच थेंब पडतात. १:७२ मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) पायलटचं जॅकेट, हेल्मेट, पट्टे एवढं सगळं होऊनही रंग उरतो. मात्र बाटली दणकून हलवा, नाहीतर पहिल्यांदा नुसतं पारदर्शक पाणीच बाहेर येतं. आणि प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, हवाच. नुसत्या प्लॅस्टिकवर या रंगाची पकड कच्ची, मास्किंग टेप काढली की टेपेबरोबर रंगही निघतो.

एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली बसलात तर ताटलीतला थेंब बघता बघता सुकतो. मी चपट्या डब्यात ओला टिश्यू घालून वर बटर पेपर पसरतो. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही चालतो.

टामियाचे ॲक्रिलिक ब्रशला नकोत. त्यांच्यातला अल्कोहोल खालचा थर पुन्हा विरघळवतो, त्यामुळे दुसरा हात मारताना पहिला उचकटतो. एअरब्रशमध्ये (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) मात्र तोच रंग सोनं आहे. रंग पातळ करायला टामियाचाच एक्स-२०ए थिनर साधारण निम्मा-निम्मा, दाब १५ ते २० पीएसआय, आणि एक्सएफ-८१ क्रमांकाचा गडद हिरवा असा बसतो की पंखावरची बारीक पॅनेल लाइनही (पत्र्यांच्या जोडाची रेघ) बुजत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालतं, पण ते वालेहोत घालायला जाऊ नका, दूध नासावं तशा गुठळ्या होतात. बरणीची कड प्रत्येक वेळी पुसायची, नाहीतर पुढच्या वेळी झाकण पक्कडीनेच उघडावं लागतं.

मिग-२१ च्या चंदेरी रंगासाठी लॅकर, म्हणजे उग्र थिनरमधला रंग, आणलं. चमक या दोघांनाही जमणार नाही अशी, पण वास! आईने मला डबीसकट बाल्कनीत काढलं. जुलैत तेही बंद. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. उघडीप मिळेपर्यंत ते विमान प्रायमरवरच थांबलंय.

अप्पा बळवंत चौकात मिळणारे चित्रकलेचे ॲक्रिलिक स्वस्त आहेत, पण जाड. विमानाखालची माती, गवत करायला झकास, विमानाला नाही.

पहिल्यांदा घेताना मोठा सेट घेऊ नका, त्यातले निम्मे रंग तसेच पडून राहतात. हातात जे किट आहे त्याच्या सूचनापत्रकातले रंग, काळा, पांढरा आणि एक प्रायमर, एवढंच आणा. एअरब्रश नसेल तर टामियातलं फक्त स्प्रे कॅनमधलं प्रायमर घ्या, तेही पावसाळ्याआधी मारून ठेवा.