कुपवाडचे लेथवाले मामा: काम चोख, तारखेचं विचारू नका
काचेवर द्रावणाचा थेंब टाकायचा आणि ती मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरवायची. जास्तीचं उडून जातं, मागे पातळ थर उरतो. एवढ्याच कामाच्या तयार स्पिन कोटरचं कोटेशन लाखाच्या पुढे गेलं, म्हणून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी घरीच जुळवाजुळव केली. ड्रोनची ब्रशलेस मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) ऑनलाइन मागवलं. उडणारं द्रावण अडवायला सांगलीच्या गणपती पेठेतून स्टीलचा डबा आणला. घोडं अडलं ते काच बसवायच्या चकवर, म्हणजे मोटरच्या शाफ्टवर बसणाऱ्या चकतीवर.

पहिला चक दुसरीकडून करून घेतला होता. दोन हजारांच्या वर गेलं की टेबल थरथरायचं. एकदा तर काच टेपसकट सुटून डब्यावर आपटली. (चष्मा होता, नाहीतर हे लिहायला बसले नसते.)

मग कुणीतरी कुपवाड एमआयडीसीतल्या या मामांकडे धाडलं. दुकानाला पाटी नाही, निळं शटर तेवढं लक्षात ठेवा. मी टॉलरन्ससकट (मापात किती फरक चालेल ते लिहून) ड्रॉइंग काढून नेलं होतं. मामांनी त्यावर चहाचा ग्लास ठेवला. "मोटर आणलीय का?" आणली होती. चक हातानं फिरवत त्यांनी डायल (सुईचं मापयंत्र) लावला. सुई वीस घरं हलली, म्हणजे 0.2 मिलिमीटर आउट, फिरताना तेवढा डोलतोय.

"ताई, भोक सैल आणि स्क्रू एकाच अंगाला. आवळला की सगळं एकीकडं सरकतंय. थरथरणारच की!"

मोटरचा शाफ्ट 3.17 मिलिमीटर, मामांच्या हिशेबात एक सूत (इंचाचा आठवा भाग). त्यांनी भोक थोडं बारीक पाडून रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवला. भोक आणि वरची सपाट बाजू एकाच पकडीत. "जॉब काढून परत धरला की आलाच आउट." ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) तीन, तीन बाजूंना. परत डायल लावला तर सुई जेमतेम दोन घरं हलली.

आता तीन हजारांवर डब्यावरचा पाण्याचा ग्लाससुद्धा हलत नाही. 25 मिलिमीटरच्या काचेवर झिंक ऑक्साइडचा थर, कडेची पट्टी सोडली तर, सगळीकडे एकसारखा जांभळट दिसतो. हजाराच्या खाली मोटर अडखळते, पण तो दोष ईएससीचा.

तक्रार आहे ती वेळेची. "परवा या" म्हणाले आणि चक मिळाला नवव्या दिवशी. तीन हेलपाटे, फोन एकदाही उचलला नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा उसाच्या ट्रॉलीचा कसलासा बुश लेथवर होता आणि माझा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा खिडकीत.

जाणार असाल तर मोटर सोबत न्या, नुसतं ड्रॉइंग नको. मजुरी मालासकट साडेचारशे. पावती वहीच्या पानावर मिळते. कॉलेजच्या अकाउंट सेक्शनला ती चालली नाही, त्यामुळे ते साडेचारशे माझ्याच खिशातून गेले.