यांत्रिक पंखा की इलेक्ट्रिक पंखा? जुन्या गाडीच्या रेडिएटरसाठी निर्णय घेताना

प्रीमियर पद्मिनी, अॅम्बॅसडर किंवा महिंद्राची एमएम 540 जीप ज्यांनी आजही चालू ठेवली आहे, त्यांना उन्हाळा आला की एक सल्ला हमखास मिळतो: इंजिनावरचा पंखा काढून टाका आणि रेडिएटरवर इलेक्ट्रिक पंखा बसवा. हा सल्ला काही गाड्यांसाठी अगदी योग्य आहे आणि काहींसाठी नुकसानीचा आहे. दोन्ही पंख्यांत चांगला कोणता, असे विचारून हाती फारसे काही लागत नाही; आपली गाडी नेमकी कुठे तापते, हे आधी पाहावे लागते. सिग्नलला उभी असताना तापणारी गाडी आणि आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना तापणारी गाडी यांची दुखणी वेगळी आहेत आणि एकीला जो उपाय लागू पडतो, तोच दुसरीला अडचणीत आणू शकतो.

यांत्रिक पंखा बहुधा वॉटर पंपाच्या पुलीवर बसवलेला असतो आणि फॅन बेल्टवर फिरतो. त्यामुळे त्याचा वेग इंजिनाच्या वेगाला बांधलेला असतो. गाडी वाहतुकीच्या कोंडीत अडकली की इंजिन 700 ते 800 आरपीएमवर (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांनी) चालते, पंखाही तेवढाच मंद फिरतो आणि समोरून वारा मुळीच मिळत नाही, म्हणजे हवेची सर्वाधिक गरज असते तेव्हाच तो कमी पडतो. याउलट सपाट महामार्गावर ताशी 80 किलोमीटरने जाताना समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरेसा असतो, तरीही पंखा पूर्ण जोराने फिरत राहतो. येथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: पंख्याचा वेग दुप्पट झाला की हवा साधारण दुप्पट मिळते, परंतु तो फिरवण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. जुन्या गाडीत तिसऱ्या गिअरमध्ये वेग वाढवताना जो घोंघाट ऐकू येतो, त्यातला मोठा भाग या पंख्याचा असतो, आणि त्यासाठी लागणारे इंधनही आपल्याच टाकीतून जाते.

या दोहोंच्या मधला प्रकार म्हणजे व्हिस्कस फॅन. तो बोलेरो, टाटा सुमो अशा गाड्यांत आढळतो आणि त्याला अनेक जण विनाकारण मोडीत काढतात. पंखा आणि पुली यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की क्लचच्या तोंडावरची बायमेटलची स्प्रिंग आतली झडप उघडते, तेल कामाच्या कप्प्यात येते आणि पंखा पुलीला धरून जोरात फिरू लागतो. हवा थंड झाली की तो पकड सोडून संथ होतो. महामार्गावर शक्ती वाया जाण्याची तक्रार या रचनेने बरीचशी मिटवलेली आहे. म्हणून व्हिस्कस फॅनची गाडी तापत असेल, तर इलेक्ट्रिक पंख्याचा विचार करण्याआधी क्लच तपासावा. इंजिन बंद करून, किल्ली काढून घेऊन पंखा हाताने फिरवून पाहावा. गाडी चांगली तापलेली असताना तो हाताला जड लागला पाहिजे. ढकलल्यावर तो मोकळा गरागरा फिरत राहिला, मधल्या तबकडीवर तेलाचा चिकट थर आणि त्यावर धूळ बसलेली दिसली, किंवा पाते पुढे-मागे हलवताना खुळखुळले, तर क्लच गेलेला आहे. अशा वेळी नवा क्लच बसवणे हाच सरळ मार्ग आहे.

इलेक्ट्रिक पंख्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याला इंजिनाच्या वेगाशी देणेघेणे नसते. गाडी उभी असो वा चालू, पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की तो पूर्ण वेगाने फिरतो आणि काम झाले की थांबतो. कारखान्यातूनच असा पंखा घेऊन येणाऱ्या गाड्या वाढल्या त्यामागे मात्र इंधनबचतीपेक्षा जागेचे कारण मोठे होते. इंजिन आडवे बसवले की पुलीचे तोंड चाकाकडे जाते आणि समोरच्या रेडिएटरसमोर बेल्टवरचा पंखा आणता येत नाही. 1959 च्या मिनीमध्ये इंजिन आडवे होते, पण रेडिएटरच बाजूला नेऊन यांत्रिक पंखा टिकवला होता. 1969 च्या फियाट 128 मध्ये रेडिएटर समोर ठेवून इलेक्ट्रिक पंखा दिला गेला आणि पुढे तीच वाट रूढ झाली. आपल्याकडे 1983 अखेरीस आलेल्या मारुती 800 मुळे असा पंखा घरोघरी पोहोचला. या गाड्यांत अल्टरनेटर (बेल्टवर फिरून वीज निर्माण करणारे यंत्र), वायरिंग, रेडिएटर आणि पंख्याभोवतीचे आवरण हे सगळे एकमेकांच्या हिशेबाने ठरवलेले असते. जुन्या गाडीत नुसता पंखा उचलून आणला जातो, बाकीचे मागे राहते, आणि तक्रारी बहुतेक तेथूनच सुरू होतात.

आता घाटाकडे वळू, कारण महाराष्ट्रात आणि गोव्यात गाडी चालवणाऱ्याचा खरा निर्णय घाटातच होतो. कसारा किंवा चोर्ला घाटात भरलेली जीप ताशी 25 किलोमीटरने चढत असते, गिअर दुसरा असतो आणि इंजिन 3000 आरपीएमच्या आसपास असते. इंजिन जवळपास सगळा जोर लावत असल्याने उष्णता सर्वाधिक निर्माण होते. गाडीचा वेग कमी असल्याने समोरचा वारा जेमतेम असतो. नेमक्या याच स्थितीत यांत्रिक पंखा आयडलिंगच्या, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असतानाच्या, चौपट वेगाने फिरत असतो आणि त्याच्या हवेला तोड नसते. इलेक्ट्रिक पंखा मात्र सिग्नलवर जेवढी हवा देतो तेवढीच येथेही देतो. तो पुरेसा मोठा असेल तर निभावते. 796 सीसीच्या छोट्या इंजिनासाठी बनलेला भंगारातला पंखा 2112 सीसीच्या डिझेल इंजिनापुढे लावला असेल तर तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकताना पाहण्यापलीकडे चालकाच्या हाती काही उरत नाही. शिवाय डिझेल इंजिन आयडलिंगला फार थोडे इंधन जाळते, त्यामुळे कोंडीत तापण्याचा त्रास त्याला पेट्रोल इंजिनापेक्षा मुळातच कमी असतो. म्हणजे इलेक्ट्रिक पंख्याचा जो मोठा फायदा, त्याची डिझेल जीपला गरज कमी, आणि यांत्रिक पंख्याची जी मोठी ताकद, तिची गरज सर्वाधिक. माल किंवा ट्रेलर ओढणाऱ्या, घाटात रोज ये-जा करणाऱ्या डिझेल गाडीचा यांत्रिक पंखा काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहरातल्या पेट्रोल गाडीचे चित्र याच्या उलट आहे. घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी तासभर सरपटणाऱ्या पद्मिनीला चांगला इलेक्ट्रिक पंखा खरोखर जीवदान देतो. काटा स्थिर राहतो, केबिनमधला आवाज घटतो आणि सकाळी इंजिन लवकर गरम होते, कारण थंड इंजिनावर उगाच वारा घातला जात नाही.

परंतु त्याआधी विजेचा हिशेब जुळला पाहिजे. साधारण मोठ्या आकाराचा पंखा चालू असताना 20 अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. दोन हेडलाइट साधारण 9 ते 10 अँपिअर घेतात. त्यात वायपर, ब्लोअर आणि इग्निशन मिळवले की पावसाळी रात्रीचा आकडा सहज 35 च्या वर जातो. जुन्या फियाट 1100 मध्ये आणि सुरुवातीच्या अॅम्बॅसडरमध्ये अल्टरनेटरच्या जागी जुन्या पद्धतीचा डायनामो असे. त्याची कमाल क्षमता बहुधा 25 अँपिअरच्या आतच असते आणि आयडलिंगला तर तो जवळजवळ काहीच देत नाही, म्हणजे कोंडीत उभ्या गाडीचा पंखा सगळा बॅटरीवर चालतो. डायनामोच्या गाडीत आधी योग्य क्षमतेचा अल्टरनेटर बसवावा आणि मगच पंख्याचा विचार करावा. हा क्रम बदलता येत नाही.

‘अल्टरनेटरवर चालतो म्हणजे ती वीज फुकट’ हा समजही दूर केला पाहिजे. 20 अँपिअर आणि 13.5 व्होल्ट म्हणजे 270 वॉट, आणि तेवढी वीज निर्माण करण्यासाठी अल्टरनेटर बेल्टवरून चारशे-पाचशे वॉट ओढून घेतो. इंधन वाचते ते पंखा बंद असताना. म्हणून महामार्गावर जास्त चालणाऱ्या आणि साधा, क्लच नसलेला पंखा असणाऱ्या गाडीला फरक जाणवतो. व्हिस्कस फॅनच्या गाडीला तो जेमतेम जाणवेल. दिवसभर कोंडीत चालणाऱ्या गाडीने मायलेज वाढण्याच्या आशेने हा खर्च करू नये. तिला फायदा आहे तो तापमानाचा.

बिघाडाच्या बाबतीत दोन्ही पंख्यांचा स्वभाव वेगळा आहे. यांत्रिक पंख्यात बिघडण्यासारखे फार थोडे असते. बेल्ट तुटला तर पंखा थांबतो, पण बहुतेक जुन्या गाड्यांत त्याच बेल्टवर डायनामो किंवा अल्टरनेटर असल्याने चार्जिंगचा लाल दिवा लगेच लागतो आणि चालक सावध होतो. इलेक्ट्रिक पंखा गपचूप बंद पडतो. फ्यूज, रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), थर्मो स्विच (पाण्याच्या तापमानानुसार पंखा चालू-बंद करणारा), मोटरचे कार्बन ब्रश, अर्थचा सांधा, यांपैकी काहीही गेले तरी काटा वर चढेपर्यंत कळत नाही. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या, दमट हवेने अर्थचे सांधे हिरवे पडतात, हे तेथील प्रत्येक वायरमनला ठाऊक आहे. म्हणून पंख्याला वीज पोहोचते आहे हे दाखवणारा छोटा दिवा आणि स्विच निकामी झाल्यास पंखा हाताने चालू करण्याचे बटण, या दोन गोष्टी डॅशबोर्डवर हव्यातच. एका बाबतीत मात्र इलेक्ट्रिक पंखा वरचढ ठरतो: पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घालताना तो बंद करता येतो. यांत्रिक पंखा खोल पाण्यात वेगाने फिरला तर पाणी विजेच्या भागांवर उडवतो, आणि पाती वाकून पुढच्या रेडिएटरला लागण्याचाही धोका असतो.

बदल करायचा ठरल्यास पंख्यापेक्षा बसवणीकडे अधिक लक्ष द्यावे. पंखा रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा असावा. पुढे बसवलेला पंखा समोरच्या वाऱ्याला अडथळा होतो. रेडिएटरची जाळी पूर्ण झाकणारे आवरण नसेल तर पंख्याच्या वर्तुळाबाहेरची जाळी जवळजवळ निकामी राहते. प्लास्टिकच्या पट्ट्या जाळीतून आरपार ओवून पंखा टांगण्याची पद्धत सर्रास दिसते, ती टाळावी, कारण कंपनाने त्या पट्ट्या नळ्यांना घासतात आणि गळती सुरू होते. लोखंडी पट्टीची चौकट करून ती रेडिएटरच्या बाजूच्या आधारांना बोल्टने धरावी. विजेसाठी 40 अँपिअरचा रिले, बॅटरीजवळ फ्यूज आणि किमान 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. डॅशबोर्डवरच्या साध्या बटणातूनच पंख्याचा सगळा प्रवाह नेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांत बटणाच्या मागचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेले असते, आणि तेथून आग लागायला वेळ लागत नाही.

थर्मो स्विचचे आकडेही जुळले पाहिजेत. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, 82 अंशांना उघडत असेल तर पंखा 92 ते 95 अंशांना सुरू होऊन 87 च्या आसपास थांबावा. तो 80 लाच सुरू होत असेल तर कधी थांबणारच नाही. स्विच रेडिएटरच्या खालच्या टाकीत असेल तर हे आकडे आणखी खाली घ्यावे लागतात, कारण तेथे पाणी निवून आलेले असते. जुना पंखा काढल्यावर वॉटर पंपाची पुली धरणारे बोल्ट लांब पडतात. त्याच लांबीचे परत लावले तर पुली सैल राहू शकते, म्हणून आखूड बोल्ट आधीच आणून ठेवावेत.

या सगळ्याच्या आधी एक साधी पारख करावी. गाडी सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 ते 80 च्या वेगातही तापत असेल तर दोष पंख्याचा नाही. रेडिएटर आतून चोंदलेला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, इग्निशन टायमिंग चुकले असेल किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा माथा आणि ब्लॉक यांच्यामधले सील) गेले असेल. रेडिएटरचे झाकण दाब धरत नसेल तरी पाणी लवकर उकळते, 0.9 बार धरणाऱ्या झाकणाखाली साधे पाणीही 118 अंशांच्या आसपास उकळते, तेच झाकण सैल झाले की 100 लाच. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे घातलेल्या गाड्यांत रेडिएटर खोलून साफ करणे हे पंख्यापेक्षा कितीतरी मोठे काम करते.

माझ्या मते शहरात चालणाऱ्या, अल्टरनेटर असलेल्या पद्मिनीने निःशंकपणे इलेक्ट्रिक पंखा घ्यावा. घाटातल्या डिझेल जीपने यांत्रिक पंखा ठेवावा आणि त्याभोवतीचे पत्र्याचे आवरण हरवले असेल तर ते आधी करून घ्यावे. बोलेरो किंवा सुमोने व्हिस्कस क्लच बदलावा. नंतर एसी बसवलेल्या अॅम्बॅसडरसाठी यांत्रिक पंखा जागेवर ठेवून कंडेन्सरपुढे (रेडिएटरसमोरच्या एसीच्या जाळीपुढे) छोटा इलेक्ट्रिक पंखा जोडणे हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. तो एसी चालू असतानाच फिरतो, अल्टरनेटरवर भार कमी टाकतो आणि समोरच्या वाऱ्याला होणारा थोडा अडथळा अशा गाडीच्या वेगाला सोसतो. काढलेला पंखा, त्याचे बोल्ट आणि स्पेसर मात्र नीट बांधून ठेवावेत. या गाड्यांचे मूळ भाग आता सहज मिळत नाहीत, आणि घेणारा गाडी पाहायला येतो तेव्हा तो त्यांची चौकशी करतोच.